बंदूक स्वस्त, कागद महाग

नाणी, पोस्टाची तिकिटे, जुनी घड्याळे, ग्रामोफोनच्या तबकड्या जमवणारी माणसे आपल्या सगळ्यांच्या ओळखीची असतात. घरचे थोडा त्रागा करतात, पण आतून त्यांना कौतुकही असते. जुनी मशीनगन विकत घेऊन घरच्या तिजोरीत ठेवणारा छांदिष्ट मात्र आपल्या ओळखीत सापडायचा नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने एकदा चाप ओढला की गोळ्या झाडतच राहणारी शस्त्रे ‘निषिद्ध’ ठरवली आहेत आणि सामान्य नागरिकाला तिथपर्यंत पोचायची वाटच ठेवलेली नाही. अमेरिकेत मात्र हा छांदिष्ट आहे. तो रीतसर कर भरतो, बोटांचे ठसे देतो, आणि आपल्यासारखाच महिन्याचा हिशेब मांडून विचारतो, ‘कमी पैशांत एखादी जुनी मशीनगन कशी मिळेल?’

प्रश्न ऐकून कपाळाला हात लावावासा वाटेल. पण या प्रश्नाचे बोट धरून चालत गेले, की शस्त्राबद्दल कमी आणि कायदा व बाजार यांच्या संसाराबद्दल बरेच काही कळते.

सुरुवात शिकागोतून करावी लागेल. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी तिथे एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभे करून मारण्यात आले. मारेकऱ्यांच्या हातात थॉम्प्सन बनावटीच्या मशीनगन होत्या. दारूबंदीच्या त्या काळात टोळीयुद्धाला ऊत आला होता, आणि ही बंदूक त्या युद्धाचे चिन्हच बनली होती. अखेर १९३४ मध्ये रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय बंदूक कायदा झाला. त्याने मशीनगनवर बंदी घातली नाही. प्रत्येक मशीनगनची नोंद करायची आणि ती हस्तांतरित करताना दोनशे डॉलर कर भरायचा, एवढेच सांगितले. थॉम्प्सनची किंमत तेव्हा साधारण तेवढीच होती. म्हणजे वस्तूच्या किमतीइतकाच कर! आजच्या हिशेबाने ते दोनशे डॉलर साडेचार हजारांहून अधिक भरतील. पुढे हा आकडा कुणी वाढवलाच नाही. महागाईने कर कुरतडत नेला आणि नोंदणी तेवढी उरली. ही नोंदणी चांगली चालली. एक रजिस्टर, त्यात प्रत्येक बंदुकीचा क्रमांक, मालकाचे नाव. बंदूक विकली की नाव बदलायचे. आपल्या सात-बाराच्या उताऱ्यासारखेच म्हणा ना.

खरी गाठ पडली ती १९८६ मध्ये. रेगन यांनी १९ मे रोजी ज्या कायद्यावर सही केली तो बंदूकमालकांच्या बाजूचा होता. पण न्यू जर्सीचे प्रतिनिधी विल्यम ह्यूज यांनी त्यात एक दुरुस्ती घुसवली होती, आणि प्रतिनिधीगृहात ती आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले. त्या आवाजी मतदानावरचा वाद अजून शमलेला नाही. दुरुस्तीचा अर्थ साधा होता. त्या दिवसापर्यंत ज्या मशीनगनची कायदेशीर नोंद झाली आहे, त्या नागरिकांनी आपसांत खुशाल विकाव्यात. त्यानंतर बनलेली एकही नागरिकाच्या हाती जाणार नाही. रजिस्टर बंद. आज नागरिकांना घेता येतील अशा मशीनगनची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास धरली जाते. ती वाढणार नाही; मोडून, जळून, हरवून कमीच होत जाणार.

पुढे काय झाले हे गिरगाव-दादरच्या जुन्या भाडेकरूंना समजावून सांगायला नको. घरांचे भाडे कायद्याने गोठले तेव्हा खोलीपेक्षा खोलीत राहण्याच्या हक्काला मोल आले आणि त्याला आपण पागडी म्हणू लागलो. अमेरिकेत मशीनगनची पागडी सुरू झाली. लष्कराला नवी कोरी रायफल हजार डॉलरच्या आत मिळते. तिच्याच घराण्यातली, १९८६ पूर्वी नोंदलेली एम-१६ घ्यायला नागरिकाला तीस हजार डॉलरहून अधिक मोजावे लागतात. लोखंड तेच, कारागिरीही तीच. वरचे एकोणतीस हजार त्या कागदाचे.

मग ‘कमी पैशांत’ काय मिळते? सर्वांत आधी नाव निघते ते मॅक-१० आणि तिच्या धाकट्या भावंडांचे. गॉर्डन इनग्रॅम यांनी आखलेली ही बंदूक म्हणजे पत्रा दाबून केलेला एक डबा. तिच्यात नजाकत अशी नाहीच. जॉर्जिया राज्यातली मूळ कंपनी १९७० च्या दशकातच बुडाली. मग इतरांनी ती बनवली, आणि १९८६ चे दार बंद होण्याआधी कारखानदारांनी घाईघाईने असे सांगाडे नोंदवून ठेवले. त्या काळी काही शे डॉलरला मिळणारी ही वस्तू आज आठ-दहा हजारांच्या खाली मिळणे कठीण, म्हणजे आपले सात ते नऊ लाख रुपये. बाजारातली सगळ्यांत स्वस्त मशीनगन ती हीच! तिच्यातून मिनिटाला हजाराहून अधिक गोळ्या सुटतात, म्हणजे तीस गोळ्यांचे मॅगझिन दोन सेकंदांत रिकामे. एक गोळी पंचवीस सेंटला धरली तरी चाप दाबून सोडेपर्यंत साडेसात डॉलरचा धूर होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्या आज्यांनी या बंदुकीसाठी केली नसेल, पण लागू मात्र चपखल पडते.

दुसरे नाव स्टेनगनचे. हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही; वर्तमानपत्रांतून तो इतका वापरला गेला, की पोलिसांच्या हातातली कोणतीही आखूड बंदूक ‘स्टेनगन’ होऊन गेली. १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश फौज आपली शस्त्रे टाकून परतली, तेव्हा झटपट आणि स्वस्तात बनेल असे काहीतरी हवे होते. शेफर्ड आणि टर्पिन यांच्या नावांची आद्याक्षरे व एनफिल्डच्या कारखान्याचे ‘एन’ मिळून स्टेन हे नाव झाले. एक नळकांडे, एक स्प्रिंग, थोडे जोडकाम. दोन-तीन पौंडांत एक बंदूक, आणि अशा लाखो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या प्रारंभी या बंदुकीचे सुटे भाग स्वस्तात मिळत. काही परवानाधारकांनी पोलादी नळकांडी नोंदवली आणि त्यांवर भाग बसवले. म्हणून आज स्टेन घेताना जाणकार माणूस आधी डाग कसे मारलेत ते पाहतो. वेल्डिंग वाकडे असेल, क्रमांक पुसट असेल, कागदावरचा आणि पोलादावरचा एक अंक जरी जुळत नसेल, तरी कितीही स्वस्त मिळो, पुढे पाऊल टाकत नाही. आणि ते बरोबरच आहे. नोंद होते ती त्या सांगाड्याची. नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो, स्प्रिंग तर पाच-पन्नास मिळतात. सांगाडा दुरुस्त करता येतो, पण निकामी झाला तर त्याच्या जागी नवा आणता येत नाही. आठ-दहा हजार डॉलर त्या एका तुकड्यात अडकलेले असतात.

माझे मत विचाराल तर हिशेबी हौशी माणसाने रायझिंगकडे पाहावे. युजीन रायझिंग यांची ही बंदूक मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी बनली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन सैनिकांबरोबर ग्वाडलकॅनालच्या बेटावर गेली. तिथे तिची पार बेअब्रू झाली. दमट हवेत गंजायची, रेतीने अडायची. त्यात भाग हाताने घासून बसवलेले, त्यामुळे एकीचा भाग दुसरीला लागायचा नाही. एका अधिकाऱ्याने आपल्या तुकडीच्या रायझिंग नदीत फेकायला लावल्या अशी आख्यायिका आहे. घरी, कोरड्या कपाटात आणि पहारेकऱ्यांच्या हातात मात्र तिने नीट काम दिले, म्हणून युद्धानंतर पुष्कळशा पोलिसांच्या कोठारांत राहिल्या. बदनाम असल्यामुळे तिला थॉम्प्सनचा भाव कधीच आला नाही. ती मॅकच्याच पट्टीत मिळते. पण मॅकला नसलेला इतिहास तिला आहे, लाकडी दस्ता आहे, आणि संग्रहात ठेवल्यावर चार माणसांना सांगायला गोष्ट आहे. संग्रह करायचा तो गोष्टीसाठीच ना? नुसती गोळ्या झाडायची खाज असेल तर लास व्हेगासला थोडे डॉलर मोजले की भाड्याने बंदूक हातात देतात.

तिथेही जपून. ऑगस्ट २०१४ मध्ये अॅरिझोनातल्या अशाच एका मैदानावर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी दिली गेली. धक्क्याने बंदूक वर उसळली आणि शेजारी उभा असलेला शिक्षक जिवास मुकला. लहानखुरी, भराभर झाडणारी बंदूक आवरायला सर्वांत कठीण असते. आणि स्वस्त म्हणून सर्वांत जास्त शिफारस होते ती नेमकी त्याच जातीची. घरात मुले असतील त्याने किंमत विचारण्यापूर्वी तिजोरीची किंमत विचारावी.

आणखी खर्च आहेत. दोनशे डॉलरचा कर अजून आहेच. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर वगैरेंवरचा हा कर शून्य झाला, मशीनगनवरचा मात्र राहिला. मधल्या परवानाधारक दुकानदाराचे शुल्क वेगळे. पूर्वी मंजुरीला वर्षभरही लागे. पैसे देऊन झालेले, बंदूक दुकानदाराच्या तिजोरीत आणि मालक घरी वाट पाहतोय. आता संगणकावरून अर्ज केल्याने हे बरेच जलद होते. राज्याची हद्द ओलांडून बंदूक न्यायची तर आधी परवानगी हवी. न्यू यॉर्क, इलिनॉयसारख्या राज्यांत तर राज्याचाच कायदा आडवा येतो.

एवढे सगळे पाहिल्यावर कुणी म्हणेल, मग चांगलेच आहे की! अशी शस्त्रे जितकी महाग तितकी समाजाची झोप सुखाची. या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण नोंदवलेल्या मशीनगनने झालेले खून १९३४ पासून बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि ते दार बंद होण्याच्या आधीही तसेच होते. १९८८ मध्ये ओहायोतल्या डेटन गावी झालेल्या एका खुनात गुन्हेगार चक्क पोलीस अधिकारी होता. म्हणजे काम केले ते रजिस्टरने, ठशांनी, नावानिशी नोंदीने. किमतीच्या भिंतीने काय केले? १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगासच्या संगीत महोत्सवावर एका माणसाने गोळीबार केला, त्यात साठ जणांचे प्राण गेले. त्याच्याजवळ तीस हजारांची मशीनगन नव्हती. साध्या रायफलींना तशी गती देणारे ‘बम्प स्टॉक’ हे स्वस्त साधन होते. सरकारने त्यावर बंदी घातली आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती बंदी रद्द केली, कारण कायद्यातल्या व्याख्येत ते साधन बसत नाही. शहरांतल्या टोळ्यांच्या पोरांच्या हाती तर पिस्तुलाला लावायचा नाण्याएवढा बेकायदा तुकडा आहे. ती पोरे कुठल्या रजिस्टरची वाट पाहत नाहीत.

शिवाय एक विपरीत गोष्ट झाली. ज्यांनी १९८६ च्या दुरुस्तीला शिव्या घातल्या, त्यांच्यापैकीच ज्यांच्या तिजोरीत पाच-सहा नोंदवलेल्या बंदुका आहेत त्यांचे सारे निवृत्तिधन आता त्या दुरुस्तीवर उभे आहे. उद्या रजिस्टर पुन्हा उघडले तर तीस हजारांची वस्तू हजारावर येईल. भाषणात स्वातंत्र्य आणि मनात भाव, अशी ही अडचण. पागडीच्या घरात राहून भाडेकायद्यावर टीका करणारे आपल्याकडेही काही कमी झाले नाहीत.

पण या सगळ्यात माझा जीव गुंततो तो विकत घेणाऱ्यात नव्हे. महायुद्धातून परतलेल्या कित्येक अमेरिकी सैनिकांनी आठवण म्हणून शत्रूची शस्त्रे घरी आणली. काही नोंदवली गेली, काही माळ्यावरच्या पेटीत पडून राहिली. १९६८ मध्ये सरकारने २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर अशी एक महिन्याची माफीची मुदत दिली. ज्यांना कळले त्यांनी नोंद केली. ज्यांना कळले नाही त्यांचे काय? नवरा गेल्यावर माळा आवरताना एखाद्या वृद्धेला ती पेटी सापडते. बंदुकीचा कागद असेल, तर वारस म्हणून ती कर न भरता तिच्या नावावर होते, आणि विकली तर नातवंडांच्या शिक्षणाचा खर्च निघतो. कागद नसेल, तर तीच बंदूक जवळ बाळगणे हा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. आता नोंद करते म्हटले तरी करता येत नाही. पोलिसांना बोलावून ती स्वाधीन करायची, जमल्यास एखाद्या सरकारी संग्रहालयाच्या पदरात टाकायची, किंवा सांगाडा नियमानुसार कापून नष्ट करवून दस्ता आणि नळी आठवण म्हणून ठेवायची. नवऱ्याने ती कुठल्या गावी, कुणाच्या हातून घेतली, हे पेटीतल्या चिठ्ठीवर लिहिलेले असले तरी त्या चिठ्ठीला कायद्यात किंमत नाही.

नवे रजिस्टर उघडावे की नाही यावर अमेरिकेत लोक भांडत राहतील; माझा कौल मशीनगनची नवी पैदास घराघरांत नको असाच पडेल. या माळ्यावरच्या बंदुका मात्र नव्या नाहीत. त्या आजही आहेतच, फक्त कुणाच्याच वहीत नाहीत. १९६८ च्या कायद्यातच सरकारला गरज वाटेल तेव्हा नव्वद दिवसांपर्यंत माफीची मुदत जाहीर करता येईल अशी तरतूद आहे. त्यासाठी नवा कायदा नको, आवाजी मतदान नको. एक अधिसूचना काढायची, आणि त्या पेट्या उघडायला लोकांना नव्वद दिवस द्यायचे.