कोचीत उतरायचे कुठे?

कोची शहर पाण्याने तोडलेले आहे. पूर्वेला मुख्य भूमीवर एर्नाकुलम: रेल्वे स्थानके, कचेऱ्या, बाजारपेठ. पश्चिमेला अरबी समुद्राला भिडलेली फोर्ट कोची आणि तिला लागून मट्टांचेरी. मधल्या खाडीत विलिंग्डन बेट, उत्तरेला वैपिनची पंचवीसेक किलोमीटर लांबीची चिंचोळी पट्टी, शिवाय बोलगाट्टी, वळ्ळारपाडम अशी लहान बेटे. खाडी समुद्राला मिळते ती फोर्ट कोची आणि वैपिन यांच्या मधून. १३४१ सालच्या पेरियार नदीच्या पुरात हे मुख मोकळे झाले आणि उत्तरेचे जुने मुझिरिस बंदर गाळाने बुजले, असे मानले जाते. या सदराचे वाचक नकाशा शेजारी ठेवून वाचतात; या खेपेस तो खरोखरच लागेल.

दिवाळीच्या सुट्टीची आखणी सुरू झाली की हॉटेलांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास भेटते: ‘फोर्ट कोचीपासून अवघे साडेतीन किलोमीटर’. हॉटेल एर्नाकुलमच्या काठावर असते आणि साडेतीन किलोमीटर हे अंतर पाण्यावरून सरळ रेघ मारून मोजलेले असते. गाडीने जायचे तर दक्षिणेला तेवाऱ्यापर्यंत उतरावे लागते, वेंडुरुत्ती पुलावरून विलिंग्डन बेटावर, तिथून दुसऱ्या पुलाने तोप्पुंपडीला आणि मग पुन्हा उत्तरेला वळून फोर्ट कोचीत. हा फेरा बारा-तेरा किलोमीटरचा भरतो आणि संध्याकाळी तोप्पुंपडीच्या चौकात गाडी अडकली की तासभर जातो. वैपिनच्या दक्षिण टोकावरच्या हॉटेलांची गोष्ट तर आणखी टोकाची. समोर फोर्ट कोचीचे दिवे दिसतात, मध्ये जेमतेम अर्ध्या किलोमीटरचे पाणी. गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट ते पाच-सात मिनिटांत पार करते. रात्री बोट थांबली की त्याच दोन ठिकाणांतले अंतर गोश्री पूल, एर्नाकुलम, विलिंग्डन असे वळसे घेत पंधरा-वीस किलोमीटर होते. असे आकडे छापणे ही फसवणूकच आहे, कारण गाडीचे भाडे आणि वेळ यांचा हिशेब प्रवासी याच आकड्यावर करतात आणि म्हातारी माणसे बरोबर असली तर त्यांचे हाल याच आकड्यामुळे होतात.

दुसरी तक्रार सहलींच्या वेळापत्रकांची. मुन्नार, तेक्कडी, अलप्पुळा, कोवलम या ठरलेल्या फेरीत कोचीच्या वाट्याला एक रात्र येते. तीही बहुधा एडप्पळ्ळीच्या बाजूला, हमरस्त्यालगतच्या हॉटेलात, कारण तिथे बस उभी करायला जागा मिळते आणि सकाळी मुन्नारचा रस्ता जवळ पडतो. बसची सोय होते, माणसांची होत नाही. कोकण रेल्वेने रात्र काढून आलेल्या कुटुंबाला फोर्ट कोचीच्या काठावरच्या मासेमारीच्या चिनी जाळ्यांपुढे वीस मिनिटे मिळतात, मट्टांचेरीच्या राजवाड्याबाहेर छायाचित्र निघते आणि उरलेला दिवस रस्त्यात जातो. शुक्रवारी पोहोचलेल्यांना मट्टांचेरीचा राजवाडा बंद मिळतो, शनिवारी पोहोचलेल्यांना सिनेगॉग. वार न पाहता आखलेल्या सहलीचे पैसे मात्र पुरे घेतले जातात. एकच रात्र हाती असेल तर ती पश्चिम काठावर काढावी. संध्याकाळी पाच आणि सकाळी सात या वेळा तिथे राहणाऱ्याला आपसूक मिळतात. एडप्पळ्ळीहून येणाऱ्याला त्या कधीच मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट समुद्र दिसणाऱ्या खोलीची. मुंबईच्या माणसाला मरीन ड्राइव्ह म्हटले की लाटा आणि मोकळे क्षितिज आठवते. कोचीचा मरीन ड्राइव्ह खाडीकाठी आहे. तिथे लाटा नाहीत, काठावरून गाड्याही धावत नाहीत. पायवाट आहे, पलीकडे बेटे आहेत आणि पाण्यात बोटींची सतत ये-जा आहे. देखावा उत्तम, पण समुद्राचा नव्हे. खरा समुद्र फोर्ट कोचीला आहे. तिथला किनारा चिंचोळा आणि दगडी, पाण्याला ओढ मोठी, आणि मोठी जहाजे जवळूनच बंदरात शिरतात, म्हणून तिथे पोहायला उतरू नये. पोहायचेच असेल तर वैपिनच्या उत्तर टोकाला चेराईचा किनारा आहे, एर्नाकुलमपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर. समुद्रस्नान आणि जुने शहर या दोन्ही गोष्टी एकाच हॉटेलातून साधत नाहीत, हे आधी मनाशी पक्के करावे.

एर्नाकुलम निवडावे ते सोयीसाठी. इथे दोन मुख्य स्थानके आहेत: एर्नाकुलम जंक्शन, ज्याला सगळे ‘साउथ’ म्हणतात, आणि एर्नाकुलम टाउन, म्हणजे ‘नॉर्थ’. नेत्रावती एक्सप्रेस आणि मंगला एक्सप्रेस जंक्शनला येतात. काही लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र फक्त टाउनला थांबतात, तेव्हा तिकिटावरचे स्थानक वाचूनच खोली घ्यावी. दोन्हींजवळ मेट्रो आहे. २०१७ मध्ये सुरू झालेली ही मेट्रो उत्तरेला अलुव्यापर्यंत आणि आता दक्षिणेला त्रिप्पुणित्तुरापर्यंत जाते. शाकाहारी जेवण हवे असेल तर एम. जी. रोड आणि शिवमंदिराच्या आसपासचा भाग बरा. ज्यांना पहाटेची गाडी पकडायची आहे, ज्यांच्याबरोबर आजारी माणूस आहे, ज्यांना अलप्पुळ्याला जाऊन त्याच दिवशी परतायचे आहे, त्यांनी इथेच राहावे. जुने शहर मात्र बोटीने गाठावे. मुख्य जेट्टीवरून सरकारी बोट वीसेक मिनिटांत फोर्ट कोचीला सोडते आणि भाडे अगदी किरकोळ असते. २०२३ मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो २०२४ पासून हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोचीलाही जाऊ लागली. या विजेच्या बोटी वातानुकूलित आहेत, कोचीच्याच गोदीत बांधलेल्या आहेत, आणि बोट व धक्का एका पातळीत राहील अशी तरंगती सोय असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनाही चढता येते. एर्नाकुलममध्ये हॉटेल घेताना जेट्टीपर्यंत चालत किती वेळ लागतो, एवढे विचारले तरी निम्मा प्रश्न सुटतो.

फोर्ट कोची ही चालण्याची जागा आहे. प्रिन्सेस स्ट्रीट, रोझ स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट आणि परेड ग्राउंड यांच्यामधल्या जुन्या घरांत लहान हॉटेले आणि होमस्टे आहेत. सेंट फ्रान्सिस चर्च इथलेच. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला तेव्हा त्याला या चर्चमध्ये पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. संध्याकाळी कथकलीच्या खेळाआधी कलावंतांची रंगभूषा प्रेक्षकांसमोर होते. ती पाहायची आणि खेळ संपल्यावर बोटीची चिंता करायची नाही, हे इथे राहिल्यावरच जमते. अडचणीही आहेत. जुन्या घरांचे जिने उभे, लिफ्ट क्वचित, रिक्षा रात्री कमी. डिसेंबरच्या अखेरीस कोचीन कार्निव्हल असतो आणि वर्षाच्या शेवटच्या मध्यरात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाचे प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचा, भलामोठा पुतळा जाळतात. त्या दिवशी गर्दीमुळे वाहने आत सोडत नाहीत आणि खोल्यांचे दर कितीतरी वर जातात. २०१२ पासून भरणाऱ्या बिएनाले या कलाप्रदर्शनाच्या हिवाळ्यातही जागा आधी धरावी लागते.

मट्टांचेरी फोर्ट कोचीला लागून असली तरी तिथे हॉटेले थोडी, म्हणून प्रवासी मार्गदर्शक तिला अर्ध्या दिवसात उरकतात. पोर्तुगीजांनी १५५५ मध्ये बांधून दिलेला आणि डचांनी दुरुस्त केलेला राजवाडा, १५६८ चे परदेशी सिनेगॉग, ज्यू टाउनमधली मसाल्याची गोदामे, एवढे पाहून मंडळी परततात. मराठी प्रवाशाने इथे थोडे पुढे जावे. ज्यू टाउनपासून फार लांब नाही असा चेरळाई नावाचा भाग आहे. तिथे तिरुमल देवस्वमचे व्यंकटेशाचे मोठे मंदिर आहे आणि मंदिराभोवतीच्या गल्ल्यांतून कोकणी ऐकू येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून दक्षिणेला सरकलेली गौड सारस्वत कुटुंबे कोचीच्या राजाच्या आश्रयाने इथे वसली. व्यापारात जम बसला, देवालय उभे राहिले, आणि मलयाळमच्या प्रदेशात चार-पाचशे वर्षे घरातली भाषा टिकली. कारवार-मालवणकडचा माणूस तिथल्या दुकानात उभा राहिला तर त्याला निम्मेअधिक बोलणे कळते. केरळभर हिंडून असा अनुभव दुसरीकडे येणे कठीण.

याच कोकणी लोकांतल्या तीन वैद्यांची नावे जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना ठाऊक आहेत: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. सतराव्या शतकात कोचीतल्या डच सत्तेचा प्रमुख हेंड्रिक वान र्‍हेडे याने मलबारातल्या औषधी वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करवून घेतला. ‘होर्तुस मलाबारिकुस’ या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला निघाले. सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे आणि गुण त्यात आहेत. इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याने आपल्या घराण्याचे ज्ञान त्यासाठी खुले केले. तीन कोकणी वैद्यांनी आपल्या निघंटूच्या आधारे माहिती पडताळली आणि १६७५ च्या एप्रिलमध्ये तसे प्रमाणपत्र लिहून दिले. ते कोकणीत आहे, नागरी लिपीत आहे, आणि पहिल्या खंडात तसेच कोरून छापलेले आहे. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले ते रोमी लिपीत. त्यानंतर साठेक वर्षांनी हॉलंडमध्ये छापल्या गेलेल्या या पानावर आजच्या मराठी वाचकाला ओळखता येतील अशी अक्षरे आहेत. छापील देवनागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्या पानाची गणना होते. कालिकत विद्यापीठाचे के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे खर्चून हा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणि मलयाळममध्ये आणला. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या शाळांत या तीन वैद्यांची नावे शिकवायला हवीत. कोचीला गेलेल्या मराठी माणसाने चेरळाई न पाहता परतणे ही मोठीच चुकामूक आहे, आणि एडप्पळ्ळीच्या हॉटेलातून निघालेली बस त्या गल्लीत शिरत नाही.

चेरळाईला जायचे असेल तर मट्टांचेरीतच राहण्याचा हट्ट धरू नये. फोर्ट कोचीच्या मुक्कामावरून रिक्षा थोड्या वेळात पोहोचते आणि सकाळच्या पूजेची वेळ साधते.

विलिंग्डन बेट विसाव्या शतकात घडले. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने मुखावरचा वाळूचा बांध उपसून बंदर मोठ्या जहाजांसाठी खुले केले आणि उपसलेल्या मातीतून हे बेट उभे राहिले. बंदर आणि नौदल यांनी ते व्यापलेले आहे. हॉटेले मोजकी व महाग, पाण्याचा देखावा सुरेख, पण बाहेर पडून चहा प्यावा असे नाके फारसे नाहीत. चेराई ज्यांना दोन दिवस फक्त किनारा हवा त्यांच्यासाठी.

पावसाळ्यात गणित बदलते. जूनपासूनच्या सरींत एर्नाकुलमचे काही सखल भाग, विशेषतः साउथ स्थानक आणि एस.टी. स्टँडचा परिसर, लवकर तुंबतात. तळमजल्याची खोली तेव्हा घेऊ नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून बोटीचा प्रवास सकाळी ठेवावा. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, त्यामुळे गाडी पोहोचण्याची वेळ पुन्हा पाहून हॉटेलला कळवावी. आणि कोणत्याही ऋतूत, कोणत्याही काठावर, खिडकीला जाळी आहे का हे फोनवर विचारावे. कोचीचे डास फार जुने आणि चिवट आहेत.

विमानाने येणाऱ्यांसाठी एवढेच, की १९९९ मध्ये सुरू झालेला नेडुंबाश्शेरीचा विमानतळ एर्नाकुलमपासून तीसेक किलोमीटर आणि फोर्ट कोचीपासून त्याहून दहा-पंधरा किलोमीटर लांब आहे. परतीचे विमान पहाटेचे असेल तर शेवटची रात्र अलुव्याला काढावी. तिथवर शहरातून मेट्रो येते, मेट्रो स्थानकातून विमानतळाला बस मिळते, आणि पहाटे रिक्षानेही वेळेत पोहोचता येते.