बरे झालेल्यांची वाट, परिचारिकांचा भार

नवी मुंबईतील पावण्याच्या औद्योगिक पट्ट्याला जवळचे मोठे शासकीय मनोरुग्णालय म्हणजे ठाण्याचे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९८ नुसार रुग्णाला घरी सोडताना पुढील उपचारांची आखणी मानसोपचारतज्ज्ञाने करावयाची असते. मात्र औषधांच्या वेळा, आजार पुन्हा उफाळण्याची लक्षणे नातेवाइकांना समजावण्याचे काम बहुधा परिचारिकांकडे येते; तेही कक्षातील अहोरात्र देखरेख सांभाळून. न्यायला कोणीच आले नाही, तर ‘घरी कधी?’ या प्रश्नालाही त्यांनाच सामोरे जावे लागते. बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहांत, वृद्धाश्रमांत हलविण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये महाराष्ट्राला फटकारले होते. पाठपुराव्यासाठी समाजसेवा अधीक्षक आणि पुनर्वसनगृहे पुरेशी नसतील, तर कायद्याचे ओझे परिचारिकांच्याच खांद्यावर राहील.