धडे आणि हक्क

अफगाणिस्तानात सप्टेंबर 2021 मध्ये सहावीपुढील मुलींना शाळेचे दार बंद झाले. आदल्याच महिन्यात काबूलची 'सोला' ही मुलींची निवासी शाळा रवांडात स्थलांतरित झाली होती; तिने 2024 मध्ये मायदेशातील मुलींसाठी व्हॉट्सअ‍ॅपवरून धडे सुरू केले. अनेक देशांतील स्वयंसेवकही असेच दुरून शिकवीत आले आहेत. हे कार्य अभिनंदनीय होय. परंतु घरात लपून घेतलेला धडा म्हणजे शिक्षणाचा हक्क नव्हे. स्त्रियांविषयीचा भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार अफगाणिस्तानने 2003 मध्ये बिनशर्त मान्य केला. त्याचे दहावे कलम शिक्षणातील समानता बंधनकारक करते. विद्याबंदीची झळ ज्यांच्या पूर्वजांनी सोसली, त्यांनी या धड्यांचे स्वागत अवश्य करावे; मात्र शाळेचे दार उघडण्याची मागणी क्षणभरही सोडू नये.