माध्यम राहू द्या, मूल वाचतं का ते सांगा

मोहल्ल्यात कुणाचं मूल शाळेत घालायचं झालं की एकच वाद: उर्दू, मराठी की इंग्रजी? एकाला तहजीब बुडायची भीती, दुसऱ्याला नोकरी हुकायची. आधी न पाहिलेलं एक पान ते मूल वाचून दाखवील का, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझा भाचा मराठी शाळेत चौथीत आहे. पुस्तकातला धडा घडाघडा म्हणाला. मी समोर गोष्टीचं दुसरं पुस्तक धरलं, तर दुसऱ्याच ओळीला अडला. धडा त्याला पाठ होता, वाचता येत नव्हता. परीक्षेत गुण मात्र भरपूर!

हाच मुलगा मकतबमध्ये नूरानी कायदा पूर्ण करून बसलाय. तो कायदा एकदा नीट पाहा. आधी सुटी अक्षरं, मग जोडलेली, मग जबर, जेर, पेश. चिन्ह आणि आवाज यांची सांगड अशी क्रमाने शिकवावी, असंच अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली इंग्रजीबाबत सांगितलं. म्हणजे पद्धत आपल्या मशिदीत आधीपासून होती. नाही तो अर्थ.

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक शून्य असलं की उत्तर शून्य. मकतबमध्ये मूल अचूक उच्चारतं, कळत काही नाही. शाळेत ऐकलेलं कळतं, पण अक्षर उलगडत नाही. दोन्हीकडे उत्तर शून्य, आणि दोन्हीकडे आपण मिठाई वाटतो. तिलावतीचा सवाब मी नाकारत नाही. ती झाली म्हणजे वाचन आलं, हा समज मला मान्य नाही.

पालघरमधला वाडा तालुका आणि कर्नाटकातलं यादगीर इथल्या मुलांचा तीन वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही दिसलं ते हेच: वर्ग अक्षरं आणि बाराखडीतच अडकलेले, अर्थ असलेला मजकूर मुलांच्या हाती फारच कमी.

उर्दू शाळांत आणखी एक पेच आहे. छापील उर्दूत जबर-जेर सहसा नसतात; शब्द आधी कानावर पडलेला असेल तरच तो वाचता येतो. आणि कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत कोकणी बोलतात, मराठवाड्यात दखनी. त्या बोलीत गोष्टी सांगून पुस्तकातल्या उर्दूपर्यंत मुलाला नेता येतं. आपण काय करतो? ती बोली गावंढळ म्हणून मुलाला गप्प बसवतो.

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत कमानीसाठी वर्गणी मागतील, तेव्हा पुस्तकांचं कपाट उघडायला सांगा. किल्ली कुणाकडे असते, तेही विचारा.