विद्यापीठाची निवड की जमिनीची विक्री?

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याला असलेल्या तिकोणा पेठेत जून महिना हा भाताची रोपे टाकण्याचा. त्याच दिवसांत सामायिक प्रवेशपरीक्षेचा निकाल हाती आलेला असतो. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी विज्ञानशाखेतून बारावी झाली आहे, त्या घरात आभाळाकडे पाहता पाहता दुसरीही एक चर्चा चालू होते : अभियांत्रिकीच्या पदवीसाठी कोणते विद्यापीठ निवडावे? प्रश्न विद्यापीठाचा म्हणून सुरू होतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो जमिनीचा होतो. पवना धरणाच्या पाण्याकडे तोंड असलेल्या जमिनीला आज बंगलेवाल्यांचा भाव आहे. एक तुकडा काढला तर चार वर्षांची फी निघते, असा सल्ला देणारी माणसे गावात आणि गावाबाहेर पुष्कळ आहेत. भाताचे खाचर देऊन पदवी घेण्याचा हा व्यवहार ‘निवड’ या गोंडस नावाखाली चालला आहे, आणि आपल्या पक्षाचे कार्यकर्तेही त्याकडे एक खाजगी कौटुंबिक बाब म्हणूनच पाहत आले आहेत.

ही बाब खाजगी नाही. निवड या शब्दाला अर्थ येण्यासाठी दोन गोष्टी लागतात : निवडणाऱ्याला खरी माहिती हवी, आणि नकार देण्याची ऐपत हवी. बाजारात विद्यार्थ्याला ग्राहक म्हणून उभे करणाऱ्या व्यवस्थेने मावळातील शेतकऱ्याला यांपैकी एकही गोष्ट दिलेली नाही. त्याला दिली आहेत ती महामार्गाच्या दुतर्फा लागलेली पाट्यांची रांग आणि त्या पाट्यांवर लिहिलेला ‘विद्यापीठ’ हा शब्द.

या शब्दाचाच आधी हिशेब घेतला पाहिजे. एके काळी विद्यापीठ म्हणजे विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली आणि सार्वजनिक पैशावर चालणारी संस्था, एवढे पुरेसे होते. १९४९ साली स्थापन झालेले पुणे विद्यापीठ, ज्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, ते या जातीचे. १९८९ च्या कायद्याने लोणेरे येथे झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ या जातीचे. पुण्याचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ साली तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले, तेही याच जातीचे. पण आज त्याच शब्दाखाली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील तिसऱ्या कलमाने दर्जा मिळालेली अभिमत विद्यापीठे आहेत, आणि राज्याच्या कायद्याने उभी राहिलेली स्वयंअर्थसाहाय्यित खाजगी विद्यापीठेही आहेत. पाटीवर सर्वांची अक्षरे सारखीच. शेतकऱ्याच्या खिशावर होणारा त्यांचा परिणाम मात्र सारखा नाही.

फरक काय, तो नीट समजून घेण्यासारखा आहे. शासकीय संस्थेत किंवा सार्वजनिक विद्यापीठाला संलग्न असलेल्या महाविद्यालयात राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून जो विद्यार्थी जातो, त्याच्यामागे कायद्याची काही भिंत उभी असते. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी संस्थाचालकाच्या मर्जीवर नसते; २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ती ठरवते. आरक्षण लागू असते. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती असते. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात निम्म्याऐवजी पूर्ण सवलत दिली. शिवाय प्रत्येक शाखेत पाच टक्के अधिक जागा अशा असतात की ज्यांवर शिकवणी शुल्कच माफ असते.

परंतु तोच शासननिर्णय पुढे सांगतो की अभिमत आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे या सवलतीतून वगळली आहेत. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेला प्रवेशही वगळला आहे. या विद्यापीठांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवीत नाही. म्हणजे तिकोणा पेठेतील एखादी मुलगी संलग्न महाविद्यालयात गेली तर तिचे शुल्क शासन भरील, आणि तीच मुलगी त्याच रस्त्यावरच्या खाजगी विद्यापीठात गेली तर बापाला खाचर विकावे लागेल. हा फरक पाटीवर लिहिलेला नसतो, आणि प्रवेश-सल्लागार म्हणून दारात येणारा दलाल तो सांगत नाही.

येथे शासनाच्या अपराधाचीही नोंद केली पाहिजे. केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्ट उलटेपर्यंत रेंगाळतात. खाजगी विद्यापीठांची दारे त्याच्या कितीतरी आधी उघडतात. ‘नंतर जागा मिळाली नाही तर?’ ही भीती हेच त्यांचे भांडवल. शासनाची प्रत्येक दिरंगाई ही त्या भांडवलात घातलेली भर आहे, आणि ती दर वर्षी घडते तेव्हा तिला अपघात म्हणणे भोळेपणाचे होईल.

आपण येथवर आलो कसे? १८५४ साली पुण्यात बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करणारा वर्ग निघाला. त्यातून वाढलेल्या संस्थेत विश्वेश्वरय्या शिकले. स्वातंत्र्यानंतर, १९६० साली कराड आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे व १९६४ साली अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये झाली. औद्योगिक राष्ट्राला अभियंते हवेत आणि ते घडविण्याचा खर्च राष्ट्राने करावा, हे सूत्र त्या काळी वादाचे नव्हते. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने ते सूत्र सोडले. आपली मुले देणग्या भरून कर्नाटकात जातात, मग तो पैसा महाराष्ट्रातच का राहू नये, असा त्यामागचा युक्तिवाद होता. पैसा महाराष्ट्रात राहिला. पण तो ज्यांच्या हाती राहिला त्यांना पुढे मराठी भाषेने ‘शिक्षणसम्राट’ ही पदवी दिली. चारच वर्षांत, १९८७ साली, देणगीबंदीचा कायदा करण्याची पाळी आली, यातच त्या धोरणाचा निकाल आहे. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फुकट जागा व पैशाच्या जागा अशी विभागणी घालून दिली होती. २००२ साली पै प्रतिष्ठानच्या खटल्यात तीही मोडीत निघाली. आणि २०२३ साली महाराष्ट्राने खाजगी विद्यापीठांसाठी एकत्रित कायदा करून या प्रवासाला राजमार्गाचे रूप दिले.

बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतील की स्पर्धा वाढली म्हणजे दर्जा वाढतो. अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ इतका सरळ नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती ठाऊक आणि घेणाऱ्याला ती अज्ञात, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावतो. पदवी ही तर जुन्या मोटारीहून बिकट वस्तू आहे : ती आयुष्यात एकदाच घ्यायची, तिचा दर्जा चार वर्षांनी कळायचा, आणि नापसंत पडली तर परत करता यायची नाही. जाहिरातीत सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ठळक असतो. रांगेत मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला किती मिळाले हे कोणी छापत नाही. २०१८ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण सैल करून वीसमागे एक केले. २०२४-२५ पासून तिने चांगल्या ठरविलेल्या संस्थांच्या प्रवेशसंख्येवरची वरची मर्यादाही उठविली. म्हणजे संगणक शाखेच्या तुकड्यांवर तुकड्या वाढवा. शिकवायला कोण आहे हे नंतर पाहू. याला स्पर्धा म्हणायचे असेल तर ती दर्जाची नसून गर्दीची आहे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे तक्रार केली होती की, रयतेच्या करातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते आणि रयतेची प्राथमिक शाळा उपाशी राहते. मग आज सरकारी खर्चाने अभियंते का घडवावेत? महागड्या शिकवणीवर्गांच्या जोरावर शहरी मध्यमवर्ग सरकारी जागा पटकावतो, हे खरेच आहे. पण या आक्षेपाचा अर्थ दार बंद करा असा होत नाही. दारापर्यंतची वाट गावातून काढा असा होतो. सार्वजनिक जागा कमी ठेवल्याने श्रीमंताचे काही अडत नाही, त्याच्यापाशी दुसरे दार आहे. अडते ते तिकोणा पेठेचे. सर्वच खाजगी संस्था वाईट आणि सर्वच सरकारी चांगल्या, असाही दावा नाही. सरकारी संस्थांतील प्राध्यापकांची रिक्त पदे हा स्वतंत्र लढ्याचा विषय आहे. परंतु सरकारी संस्थेला जाब विचारता येतो. ज्या संस्थेचे शुल्क ठरविण्यात जनतेचा हात नाही, तिला जाब कोणत्या अधिकाराने विचारणार?

मावळाला हा विचार परका नसावा. १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून जमविलेल्या निधीवर तो उभा राहिला, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली माणसे तेथे काच करण्याचे शास्त्र शिकून गेली. तंत्रशिक्षणासाठी जमीन विकू नका, सगळे मिळून एकेक पैसा काढा, हा त्यातला बोध होता. मावळाच्या खाचरांतून डोलणारे इंद्रायणी भात वडगावच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झाले. त्या ज्ञानासाठी कोणा शेतकऱ्याला प्रवेशशुल्क भरावे लागले नाही. उलट पवनेच्या खोऱ्याने सार्वजनिक हितासाठी जमिनी दिल्या, त्या पाण्यावर पिंपरी-चिंचवडची नगरी आणि कारखानदारी वाढली, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी जलवाहिनीला विरोध करणाऱ्या तीन शेतकऱ्यांचे प्राण पोलिसांच्या गोळीबारात गेले. ज्या उद्योगनगरीला या खोऱ्याने पाणी पुरविले, तिच्यात अभियंता म्हणून शिरण्यासाठी उरलेली जमीनही विकावी लागावी, याहून क्रूर व्याजबट्टा कोणता?

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काम दुहेरी आहे. पहिले ताबडतोबीचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पवनानगरच्या बाजारात एक टेबल मांडून बसावे. येणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगावे की संस्थेचे नाव विचारण्याआधी चार गोष्टी विचारा : जागा केंद्रीभूत प्रवेशातली आहे काय, शुल्क प्राधिकरणाचा आदेश दाखविता काय, शिष्यवृत्ती लागू आहे काय, आणि आपल्या शाखेला राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यता किती सालापर्यंत आहे. उत्पन्नाचा व जातीचा दाखला, जातवैधता आणि अधिवास यांसाठी वडगावच्या कचेरीत खेटे घालणाऱ्यांबरोबर जावे. पहिल्या खेपेस जागा मिळाली नाही तर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची वाट आहे, हेही समजावून द्यावे. आगाऊ पैसे भरलेच असतील तर पावती जपून ठेवावी आणि शुल्कपरतीच्या नियमाप्रमाणे ते मागून घेण्यास मदत करावी.

दुसरे काम लांब पल्ल्याचे. मावळ तालुक्यात शासनाचे पदवी अभियांत्रिकी महाविद्यालय नाही. ते मागितले पाहिजे. तोवर पुण्यात मावळच्या मुलामुलींसाठी वसतिगृह मागितले पाहिजे. कारण कामशेतहून लोकल शिवाजीनगरला पोचते खरी, पण तिकोणा पेठेहून कामशेत गाठण्यातच निम्मा दिवस जातो. आणि जी विद्यापीठे राज्याच्या कायद्याने जन्मली, त्यांना राज्याच्या शुल्कनियंत्रणाखाली व शिष्यवृत्तीच्या कक्षेत आणल्यावाचून सोडता कामा नये. कायद्याने जन्मायचे आणि कायद्याच्या जबाबदारीतून मोकळे राहायचे, ही सवलत लोकशाहीत कोणालाच नाही.

जमीन एकदा गेली की परत येत नाही, हे पवना खोऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. धरणाच्या वेळी ती सक्तीने गेली. या खेपेस ती स्वखुशीने गेली असे कागदोपत्री लिहिले जाईल. ती स्वखुशी खोटी आहे, हे सांगण्याची जबाबदारी आपली आहे.