रांधलेलें अन्न आणि त्याचें पात्र

हुरड्याच्या दिवसांत शेतावर येणाऱ्या पाहुण्यांस जेऊं घालणें हा आमच्यापैकीं कित्येकांचा जोडधंदा झाला आहे. बचत गटांतील भगिनीही भाकरी, पिठलें, भरीत असे जिन्नस रांधून जवळच्या शहरीं पोंचवूं लागल्या आहेत. ही गोष्ट आनंदाची होय. परंतु धान्य उत्तम, रांधणारीचा हात सुगरणीचा, आणि बांधणी मात्र हयगयीची, असा प्रकार जागोजाग दिसतो. गिऱ्हाईक चव घेण्यापूर्वीं डबा पाहतें, हें आपण विसरतों.

आमच्या मतें पात्र निवडतांना पहिला प्रश्न किंमतीचा नसून पदार्थाचा असावा. गरम भाकरी बंद डब्यांत कोंडली कीं वाफेचें पाणी सुटून ती ओली होते. तिला स्वच्छ फडकें किंवा हवा खेळणारी कागदी पेटी बरी. पिठल्यास व रश्श्यास घट्ट झांकणाचा डबाच पाहिजे. उकळता रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवींत ओतणें सर्वथा त्याज्य समजावें. तळलेले जिन्नस वर्तमानपत्रांत बांधण्याची जुनी खोडही सुटली पाहिजे. तेलाबरोबर शाई अन्नांत उतरते, आणि २०१८ च्या अन्न पॅकेजिंगच्या नियमांनीं त्यास मनाईच केली आहे. एकदां वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे यांवरही १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

यावर पुष्कळांचें म्हणणें असें कीं, चांगलें पात्र परवडत नाहीं. हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. पण पळस आपल्या बांधावर उभा आहे, पोफळीची विरी कोंकणच्या बागांत आपोआप गळून पडते, आणि उसाच्या चिपाडाच्या लगद्यापासून ताटल्या होतात. शेतावरच्या पंगतीस हीं पात्रें उत्तम. मात्र पानें व विऱ्या नीट वाळवून कोरड्या जागीं ठेवाव्या, नाहींतर बुरशी धरते. रोजच्या गिऱ्हाइकास तर अनामत घेऊन स्टीलचा डबा द्यावा व रिकामा परत आणावा. मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबा नेऊन परत आणण्याचाच धंदा करीत आले आहेत. असा डबा वर्षानुवर्षें टिकतो, आणि त्याची किंमत शेंकडों जेवणांवर वांटली जाते.

पीक आमचें, रांधणें आमचें, आणि नफा मात्र तेंच अन्न नेटक्या पेटींत घालून विकणाऱ्याचा, ही स्थिति पालटणें आमच्याच हातीं आहे. येत्या हंगामापूर्वीं सभासदांनीं चुलीइतकाच पात्राचाही विचार करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.