पगार, पदवी आणि पडताळणी

परवा वस्तीतला एक मुलगा आमच्याकडे आला. बी.कॉम. झालेला, सहा वर्षे ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बिले करतो. म्हणाला, "काका, एम.बी.ए. केलं तर यातून सुटेन का?"

आम्ही म्हणालो, सुटशील; पण गोडाऊन बरोबर घेऊन जा. माल कुठे अडतो, ट्रक का ताटकळतो, हे तुला तोंडपाठ आहे. त्यालाच तिथे सप्लाय चेन म्हणतात. मुलाखतीत तेच सांग. नुसती पदवी पुष्कळांपाशी असते.

प्रवेशाला आपल्या मुलांना पदवीला ४५ टक्के लागतात आणि सीईटी द्यावी लागते. फीला भिऊ नये. घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, वर असेल तर फ्रीशिप. मात्र प्रवेश कॅप फेरीतूनच घ्यावा. मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली की फी आपल्या खिशातून. एजंट हे सांगत नाहीत, त्यांना कमिशन प्यारे!

दुसरे, जात पडताळणी. आमचीच फाईल एका कार्यालयात अडकली आणि हातची जागा गेली. चूक आमचीही होती, अर्ज फार उशिरा केला. म्हणून सीईटीच्या अभ्यासाआधी हा अर्ज टाकावा.

घर त्याच्याच पगारावर चालते, हे आम्हाला ठाऊक आहे. नोकरी सोडणे जमले नाही तर इग्नूचे एम.बी.ए. घरी राहून होते.

सध्या तो आजोबांचा १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला शोधायला गावी गेला आहे.